भास्कर, तुझा फोन माझ्याकडे आहे

भास्कर, गुरुवारी दुपारी अर्धा मिनिट मी तू झालो होतो. आधी तेवढं सांगून टाकतो, बाकीचं मग.

तुझ्या तेरवीला मी अमरावतीला आलो होतो. जेवणं आटोपल्यावर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि तुझा फोन माझ्या हातात ठेवला. "भाऊजी, हा तुमी घेऊन जा. दिवसातून धा खेपा वाजते. पोट्टेच असते सारे. मले उचलवत नाही, न बंदही करवत नाही." फोनबरोबर एक बुटाचं खोकं होतं. कॉलेजच्या लोकांनी ग्रंथालयातला तुझा खण रिकामा करून ते घरी पोचवलं होतं. वहिनींनी ते उघडलं नव्हतं. मी दोन्ही पिशवीत घातलं. निघताना रिक्षा कॉलेजवरून घ्यायला सांगितली. ग्रंथालयाची खिडकी बंद होती. तरी मी तिथं जाऊन उभा राहिलो, तू आतून "का बे अन्या" म्हणशील म्हणून. शिपायानं विचारलं, कोण पाहिजे. काय सांगणार त्याला?

बसमध्ये मूर्तिजापूर येईस्तोवर फोन तीनदा वाजला. शेजारचा माणूस शेवटी म्हणाला, "उचला ना बाप्पा, कोनाचं काही काम असन." मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

फोनला तू कधी कुलूप लावलंच नव्हतंस. लपवण्यासारखं तुझ्याकडे काही नव्हतं, आणि असतं तरी तू ते चारचौघांत सांगून मोकळा झाला असतास. रोज सकाळी साडेपाचला तुझा गजर वाजतो. मीना म्हणते, अहो, बंद करा ना तो. मला ते होत नाही. झोपेत पहिल्या क्षणी वाटतं, होस्टेलवरच आहोत, आज पेपर आहे आणि तू माझ्या पायाचा अंगठा धरून हलवतो आहेस. मग डोळे उघडतात आणि अंगठा गार लागतो. मी पांघरूण ओढून घेतो आणि गजर आपोआप थांबेपर्यंत तसाच पडून राहतो.

तर गुरुवारी मी इथं अकोल्यात, लॅबमध्ये डबा खात होतो. फोन वाजला. 'कोमल धामणगाव' असं नाव उमटलं. का कोणास ठाऊक, मी उचलला.

"सर, शनिवारी अकोल्याले जायचं ना मी? तुमी म्हणलं होतं."

खरं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते तुझं वाक्य. "हो, जाय. डबा घेऊन जाजो. तठी कोनाच्या घरी जेवाले बसू नको." आवाजही तुझाच, तो घोगरा, घाईतला. पोरगी "बरं सर" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला. माझ्या हातातला घास हातातच राहिला. तुझी नक्कल मी कॉलेजात असल्यापासून करतो आणि तिला सगळ्यांत जास्त तूच हसायचास. पण ही नक्कल नव्हती. नक्कल करताना आपण ती करतोय हे माहीत असतं.

आणि ती येणार कोणाकडे होती? माझ्याकडेच.

आपल्या कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा दर वर्षी होतो. शाल, श्रीफळ, आणि आपल्यातला जो कोणी मोठा साहेब झाला त्याचं भाषण. जिद्द, चिकाटी, आईवडिलांचे आशीर्वाद. तू मागे दाराशी हाताची घडी घालून उभा असायचास. "पोट्टे टाळ्या वाजवते न घरी जाते," तू म्हणायचास. "सकाळी उठून कोनाच्या दारात उभं राहाचं, थे कोनालेच समजत नाही." तू प्राध्यापक नव्हतास, कोणत्या समितीवर नव्हतास. ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीत बसणारा माणूस. पण प्राचार्यांकडेही नव्हती अशी एक गोष्ट तुझ्या हाताशी होती. जुन्या पुस्तकांच्या मागच्या खिशातली कार्डं. कोणी कोणतं पुस्तक नेलं, किती दिवस ठेवलं, पुन्हा नेलं का, सगळं त्यावर. कॉम्प्युटर आला तेव्हा ती रद्दीत निघाली होती. तू ती जाऊ दिली नाहीस. त्यावरून तुला एक लेखी समज मिळाली होती, आणि ती तू मला कौतुकानं वाचून दाखवली होतीस.

एखादं पोर खिडकीशी आलं की तू आधी पुस्तक उलटं करायचास. "हे तीन खेपा नेलं तू. अभ्यासक्रमात तं नाही हे. काहून नेतं?" पोर लाजायचं. मग तू कार्डावरच्या जुन्या नावांवरून बोट फिरवायचास. हा वरूडला संत्र्याच्या पॅकिंगमध्ये आहे. ही नागपूरला नकाशे काढते. हा कोर्टात लागला, पण त्याचा जीव अजून झाडांत आहे. "जाय याच्याकडे. त्यानंही हेच पुस्तक नेलं होतं." दुसऱ्या मिनिटाला त्या माणसाला तुझा फोन. पोरानं स्वतःचा डबा न्यायचा, दिवसभर कामाच्या जागी बसून नुसतं पाहायचं, भाषण ऐकायचं नाही. निघताना एकच प्रश्न विचारायचा, तुमचं कधी चुकलं होतं का. आणि परत आल्यावर तुला एक पान लिहून द्यायचं.

आपलं भांडण त्या एका प्रश्नावरून होतं. मी म्हणायचो, अरे, पोरं रस्ता विचारायला येतात, त्यांना खड्डे कशाला दाखवतोस? तू म्हणायचास, "रस्ता सांगनारे गल्लोगल्ली भेटते बे. क्लासचे बोर्डच लागले हायेत. रस्ता चुकल्यावर मानूस काय करते, थे सांगनारा दाखव मले." मग तू मला वाचनकक्षाच्या दारात न्यायचास. स्पर्धा परीक्षेची जाडी पुस्तकं उघडून रांगेनं बसलेली पोरं. "याले इचार काहून बसला. थो म्हनते बाजूचा बसला म्हनून. आता बाजूच्याले इचार." हा वाद आपण लग्नात घातला, मयतीत घातला, बडनेऱ्याच्या फलाटावर गाडी सुटेपर्यंत घातला. तो संपला नाही. आता तुझी बाजूही मलाच मांडावी लागते आणि दर वेळी तीच जिंकते.

भास्कर, आता ते सांगतो जे तुला कधीच सांगितलं नाही.

सात वर्षांपूर्वी, ज्या बियाणे कंपनीत मी बावीस वर्षं उगवणशक्ती तपासली, तिनं अकोल्यातलं काम दुसरीकडे हलवलं आणि मला सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. घरी फक्त मीनाला माहीत होतं. तुला सांगायचं म्हणून मी दोनदा फोन हातात घेतला. पण तुला कळलं असतं तर तू पहिल्या गाडीनं अकोल्याला येऊन माझ्या बाजूला बसला असतास, आणि मला नेमकं तेच नको होतं. वर्गात पहिला मी यायचो, तू काठावर पास व्हायचास. एवढ्या वर्षांनंतरही ते माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं. ही माझी लाज आहे, तुझ्यासमोर ठेवतो.

दोन महिने तसेच गेले आणि तुझाच फोन आला. "तेल्हाऱ्याची पोरगी हाय, पल्लवी. बियाचं थे जाडं पुस्तक चार खेपा नेलं तिनं. कार्डावर तुह्यं नाव हाय. शनिवारी पाठवून राहिलो."

तेव्हा बोलता आलं असतं. शब्द ओठांवर होते. मी म्हणालो, "पाठव ना. कंपनीत बाहेरच्यांना सोडत नाहीत, आमची दुसरी लॅब आहे, तिथं पाठव." दुसरी लॅब म्हणजे माझ्या मावसभावाची, नंदूची. एमआयडीसीत त्याचं बीज परीक्षणाचं छोटंसं काम आहे. त्याला म्हटलं, एक दिवस तुझी केबिन दे. भला माणूस, कारण न विचारता वाशिमला निघून गेला.

पल्लवी आली. कापूस पिकवणाऱ्या घरातली, बोलायला कमी, पाहायला फार. मी नंदूच्या खुर्चीत बसलो. लाइट लावायला गेलो तर पंखा लागला, मग बाहेरचा दिवा लागला, तिसऱ्या खेपेला लाइट. पेन काढायला खण उघडला तर त्यात नंदूचा चष्मा आणि अंगाऱ्याची पुडी. दोन्ही माझंच असल्यासारखं मी बाजूला सारलं. मग तिला आत नेलं आणि तिथं मात्र मला बरं वाटलं. ओल्या कागदाच्या गुंडाळ्या उलगडल्या, एकेका गुंडाळीत मांडून ठेवलेल्या बिया. हे चांगलं रोप, हे वाकडं, हे मेलेलं. एका न उगवलेल्या बीकडे तिनं बोट केलं. "हे मेलं ना सर?"

"दाबून पाह्य," मी म्हणालो. मेलेलं बी बोटाखाली पिचतं, त्याचा चिखल होतो. हे पिचलं नाही. ह्याला टणक बी म्हणतात. ह्यानं अजून पाणी घेतलेलं नाही, पण आत जीव आहे. मेलेल्यांत मोजायचं नाही, वेगळं लिहायचं. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि पुढचे दोन तास ती मान वर न करता मोजत बसली.

संध्याकाळी तिनं तुझा प्रश्न विचारला. "सर, तुमचं कधी चुकलं होतं का?"

मी नंदूच्या खुर्चीत मागे टेकलो. "नाही बाप्पा. नशीब चांगलं म्हणायचं."

त्यानंतर तू थांबलाच नाहीस. दर महिन्याला एक पोर पाठवायला लागलास. नंदूला किती वेळा वाशिमला पाठवणार? चौथ्या खेपेला तोच म्हणाला, "दादा, तू येतच हायेस तं रोज येत जाय ना. मले जानकार मानूस पाह्यजेच हाय." असा मी तिथं लागलो. केबिनच्या बाहेर मला एक टेबल मिळालं. अजून तिथंच आहे. पल्लवी पुढे सुट्ट्यांत येऊन माझ्याच हाताखाली काम शिकली आणि माझ्या ओळखीनं नोकरीला लागली. पोरांपुढे खोटं उघडं पडू नये म्हणून मला ती नोकरी खरीच धरावी लागली. मी मनात तुला हसायचो, की ह्या भोळ्याला काही पत्ताच नाही.

एकदा तू अकोल्याला कोणाच्या लग्नाला आला होतास आणि न सांगता लॅबमध्ये टपकलास. दाराशी उभा राहून म्हणालास, "लाइट लाव ना बे, अंधारच हाय." मी हात मागे नेला आणि न पाहता लाइट लावला. तू एवढ्या मोठ्यानं हसलास की आत बिया मोजणाऱ्या पोरी बाहेर आल्या. मला वाटलं, लग्नात भांग घेतली की काय ह्यानं. माझ्या डब्यातली अर्धी पोळी खाल्लीस आणि गेलास.

आणि मग तो फोन, आपला शेवटचा. तू नेहमीसारखा "का बे" म्हणाला नाहीस.

"पल्लवीनं नोकरी सोडली. सहा महिने झाले. तेल्हाऱ्यात घरी बसून हाय. बाहेर निंघत नाही."

"अरे! मला काही बोलली नाही ती."

"हो ना. काम तुह्या हाताखाली शिकली, नोकरी तुह्या ओळखीनं भेटली, न तुले फोन नाही. काहून नसन केला? इचार कर."

मी म्हणालो, मला काय माहीत. तुझ्या बाजूला कोणीतरी पुस्तकावर शिक्के मारत होतं, ते मला ऐकू येत होतं. मग तू म्हणालास, "अन्या, परीक्षा झाली की कोमलले तुह्याकडे पाठवतो. यावेळी खरं सांगजो."

मी भडकलो. "म्हणजे मी खोटारडा आहे का?" आणि फोन ठेवून दिला. त्यानंतर तू दोनदा लावलास. मी नाव पाहिलं आणि उचलला नाही. माझा राग तुला माहीत आहे, चार दिवस धुमसतो आणि पाचव्या दिवशी मलाच आठवत नाही कशावरून होता. रविवारी लावीन असं मी ठरवलंही होतं. शनिवारी सकाळी वहिनींच्या भावाचा फोन आला. मी त्यांना दोनदा विचारलं, कोणता भास्कर? जणू दुसरा कोणी निघाला असता.

गुरुवारी कोमलचा फोन झाल्यावर मी तुझ्या व्हॉट्सॲपवर माझं नाव शोधलं. तू लिहायला घेतलेला आणि न पाठवलेला एक निरोप तिथं अजून आहे. "अन्या, फोन उचल बे. तुले मी". बस, एवढंच. तुले मी काय, भास्कर? तुले मी पाह्यतो? तुले मी माफ केलं? मी तीन दिवस ते वाक्य पुरं करतो आहे आणि कोणतंही तुझ्यासारखं वाटत नाही. एकदा बोट पाठवायच्या खुणेवर गेलं होतं. पाठवलं असतं तर माझ्याच खिशातला फोन वाजला असता आणि त्यावर तुझं नाव आलं असतं. मला ते सोसलं नसतं.

शुक्रवारी मी बुटाचं खोकं उघडलं. पोरांनी लिहून दिलेली पानंच पानं. प्रत्येकाला पुस्तकाचं जुनं कार्ड टाचणीनं लावलेलं. बियांच्या पुस्तकाचं कार्ड शोधायला वेळ लागला नाही, त्यावर माझं कॉलेजातलं वळणदार अक्षर होतं. त्याखाली पल्लवीचं पान. ते जसंच्या तसं देतो.

"सकाळी सरांना लाइटचं बटण तीनदा शोधावं लागलं. खणात दुसऱ्याचा चष्मा होता. मला वाटतं ती खुर्ची सरांची नाही. पण बिया मोजताना सरांना काहीच शोधावं लागलं नाही. मला हे काम फार आवडलं. मी हेच करणार. शेवटचा प्रश्न विचारला तेव्हा सर नाही म्हणाले. त्यावरून मी हेही शिकले की आपलं चुकलं तर ते कोणाला सांगायचं नसतं."

आणि पानाच्या खाली तुझी पेन्सिल. "अन्या मेला नाही. टणक बी आहे. पुढचा पण याच्याकडेच पाठवायचा."

तू गेल्यावर मी रडलो नव्हतो. स्मशानात नाही, तेरवीला नाही. शुक्रवारी रडलो, नंदूच्या देखत, आणि त्यातलं अर्धं रडणं रागाचं होतं. साल्या, सात वर्षं तुला माहीत होतं? ती सगळी पोरं तू माझ्यासाठी पाठवत होतास? मला वाटत होतं मी त्यांना दिशा दाखवतोय, आणि तू त्यांना एकेक करून माझ्या अंगावर पाण्यासारखा शिंपडत होतास. आणि तो लाइट. तेवढं पाहायला तू दारात उभा राहिला होतास. मग बोलला का नाहीस? पण ह्याचं उत्तर मला माहीत आहे. बोलला असतास तर मी फोन आपटला असता. सात वर्षांनी एकदाच बोललास, तर आपटलाच.

राग ओसरला तेव्हा पल्लवीचं शेवटचं वाक्य उरलं. ते काही केल्या जाईना. मी तिला बी मोजायला शिकवलं आणि लपवायलाही मीच शिकवलं. ती सहा महिने तेल्हाऱ्यात दार लावून बसली आहे ती माझ्याकडून शिकून. तू तेच म्हणत होतास, इचार कर. मी विचार करायला तू मरेपर्यंत वेळ घेतला, भास्कर. ह्याची माफी मागायला जागा नाही, म्हणून इथं मागतो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं कोमल आली. पाठीवर सॅक, हातात डब्याची पिशवी. मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि खुर्ची तिच्यासमोर ओढली.

"आधी ऐक बेटा. भास्कर सर गेले. परवा फोनवर मी होतो."

तिनं मान खाली घातली. "मले माहीत हाय सर. शोकसभेत मी बोलली होती."

"मग फोन कायले केला?"

"उगीच. सर म्हनत, कवाही लावजो. वाजते का पाहावं म्हटलं. तं कोनी उचलला." तिनं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "भेव वाटलं. पर तुमी जाय म्हणले ना. मंग आली."

माझं खोटं आयुष्यात एकदाही कोणाला पटलेलं नाही, हे मला दोन दिवसांत दुसऱ्यांदा कळलं. पण बरं वाटलं. तिच्या प्रश्नाची वाट न पाहता मी सकाळीच सगळं सांगितलं. नोकरी, सोमवार, नंदूची केबिन, चष्मा, अंगाऱ्याची पुडी. पल्लवीचं पान तिच्या हातात दिलं. तिनं ते दोनदा वाचलं आणि तुझ्या पेन्सिलपाशी थांबली. मग आम्ही बिया मोजल्या. जेवताना तिनं सांगितलं, घरचे स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव म्हणताहेत, मैत्रिणींनी लावला, वडिलांनी चौकशीही करून ठेवली. "मले अभ्यासाचं भेव नाही सर. दुसरं काही केलं न थे फसलं, तं घरी तोंड कसं दाखवाचं, ह्याचं भेव वाटते." मी तिला काय कर ते सांगितलं नाही. तुझा नियम होता, भाषण द्यायचं नाही. तोंड आवरताना जीव गेला माझा.

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून तिनं तिथंच बसून पान लिहिलं. लिहून झाल्यावर ते हातात धरून उभी राहिली. "आता हे कोनाले द्याचं?"

ह्याचा विचार मी केलाच नव्हता. मी म्हणालो, दे इकडे.

ती गेल्यावर वाचलं. वर बियांबद्दल होतं, नीट, टणक बियांसकट. शेवटी लिहिलं होतं, "क्लास लावायचा की नाही ते माझं अजून ठरलेलं नाही. पण वेगळं काही केलं आणि चुकलं, तर कोणाला फोन करायचा ते आज समजलं."

भास्कर, मी तुझा फोन घेतला आणि पल्लवीला लावला. माझ्या फोनवरून लावायचा धीर झाला नाही, मला वाटलं ती उचलणार नाही. तिच्याकडे तुझं नाव उमटत असेल हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पलीकडे घंटी वाजायला लागली होती. ठेवून देणार होतो. बराच वेळ वाजली. मग उचलला गेला. नुसता श्वास ऐकू येत होता. मग अगदी हळू आवाज आला, कोणी ऐकेल म्हणून भ्यायल्यासारखा.

"सर?"

तुझा आवाज माझ्या घशात तयार होता, खोटं कशाला सांगू. मी तो गिळला.

"नाही बेटा. भास्कर सर नाहीत. मी अनंत, अकोल्याहून."

मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली.

"पल्लवी, ती खुर्ची माझी नव्हती."

"माहीत हाय सर."

"नोकरी गेली होती माझी. तू आली तेव्हा दोन महिने झाले होते. तू विचारलं, कधी चुकलं होतं का, तेव्हा मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. चुकलं होतं. सगळंच चुकलं होतं."

ती रडत होती की नाही मला सांगता येणार नाही. बोलली तेव्हा आवाज सरळ होता.

"मंग तुमी काय केलं सर?"

"सोमवारी ये," मी म्हणालो. "सांगायला दिवसभर लागेल. डबा घेऊन येजो."

ती बरं म्हणाली. पहिल्या गाडीनं निघते म्हणाली.

तुझा अर्धा निरोप तसाच आहे, मी त्याला हात लावलेला नाही. गजरही बंद केलेला नाही. सोमवारी मला लवकर उठायचं आहे.